बोलणारा शर्ट

"ताई, तुमचा शर्ट लई बोलतोय आज," पागेतले मामा म्हणाले आणि चांदणी घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. डिसेंबरातली सकाळ होती, साडेसहा वाजत आले होते, धरणाच्या बाजूनं वारं सुटलं होतं आणि उसाच्या फडावर धुकं अजून रेंगाळत होतं. मी खोगिरावरच होते. उजवा पाय रिकिबीत, डावा मोकळा लोंबणारा, छातीत धडधड. क्षणापूर्वीच चांदणी छान लयीत दुडकत होती आणि एकाएकी बिचकून हातभर बाजूला सरकली होती. बिचकावं असं तिथे काही नव्हतं. कुत्रं नाही, उडालेली प्लास्टिकची पिशवी नाही, झुडपातून उठलेलं पाखरू नाही. होता तो माझ्या अंगातला शर्ट. मुलाचा जुना, मला दोन मापं मोठा, बाहेर सोडलेला. वाऱ्यानं त्याचा पाठीमागचा घोळ भरला आणि तो फडफडला. मामांनी खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, तपासला, माझा पाय धरून रिकिबीत बसवला आणि म्हणाले, "खोचा तो. मग जा."

मी खोचला आणि गेले. पडले नव्हते, लागलं नव्हतं, घरी सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. तरी ते वाक्य माझ्यासोबत बँकेत आलं. काउंटरवर पासबुकं छापताना, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना, संध्याकाळी मेथी निवडताना ते परत परत येत राहिलं. शर्ट बोलतो म्हणजे काय? आणि बोलतो तर तो कुणाला ऐकू येतो?

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकले. नाशिकच्या गंगापूर रोडनं सोमेश्वर मागे टाकून पुढे गेलं की एका द्राक्षबागेच्या कडेला चार घोड्यांची छोटी पागा आहे. आठवड्यातले पाच दिवस मी तिथे असते. तासभर रपेट, मग घरी न जाता थेट बँक. सुरुवातीला हेल्मेट घेतलं, ते नीट पारखून घेतलं. बूट घेतले, टाचेचे, रिकिबीत अडकणार नाहीत असे. पँटच्या मांडीच्या आतल्या शिवणीवरसुद्धा दुकानात अर्धा तास घालवला, कारण ती काचली की दोन दिवस बसवत नाही हे अनुभवानं कळलं होतं. शर्टाचा विचार मात्र एकदाही केला नाही. आपल्याकडे घरात कपड्यांचा एक गठ्ठा असतोच, रंगपंचमीचा, भिंती रंगवायचा, माळा आवरायचा. घोड्याचे कपडे मी त्याच गठ्ठ्यातून काढत होते. लीद लागणार, घाम लागणार, केस चिकटणार, मग चांगलं कशाला? आणि सकाळी सहाला बघतंय कोण?

बघत घोडी असते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. कपाळासमोरची जराशी जागा आणि शेपटीमागची एक पट्टी सोडली तर सगळं. आपण त्याच्या पाठीवर बसतो तेव्हाही आपल्या हातांची, कोपरांची, कपड्यांची हालचाल त्याच्या नजरेच्या कडेला असते. गवत खाऊन जगणाऱ्या आणि पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला नजरेच्या कडेला हललेलं काहीही आधी शत्रू वाटतं, मग वारा, मग शर्ट. कातडी तर इतकी जागी की माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरतो. ज्या अंगाला माशीचे पाय कळतात त्याला माझ्या शर्टाचं टोक खोगिरामागे पाठीवर आपटलेलं कळणार नाही? मी टाचेनं तिला सांगत होते चल, लगामानं सांगत होते सावकाश, आणि शर्ट मध्येच तिसरंच काहीतरी सांगत होता. हे सगळं मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जुळवलं आणि मला फार वाईट वाटलं. सहा महिने ती माझी ही बडबड सहन करत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मामांकडे नीट पाहू लागले. ते पहाटे साडेचारला उठतात. लीद काढतात, चंदी भिजवलेली असते ती घालतात, एकेकाला खरारा करतात, खूर साफ करतात. आणि हे सगळं ते पूर्ण बाह्यांच्या, इस्त्रीच्या शर्टात करतात. राखाडी किंवा फिकट निळा, दोनच शर्ट आलटून पालटून. बाही कोपराखाली दोन घड्या, घट्ट, सुटत नाही अशी. शर्ट खोचलेला, पट्टा नाही तरी खोचलेला. खरारा करताना हात खांद्यापासून गोल फिरतो, त्या फिरण्यात शर्टाचा कुठलाच भाग घोड्याच्या अंगाला लागत नाही. सहा वाजता मी पोचते तेव्हा बाहीवरची इस्त्रीची रेघ उभी असते. इतके दिवस मी त्याला त्यांची सवय समजत होते, एका वयाच्या माणसाचा टापटीपपणा. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लहानपणी आजोळी पंचवटीत जायचं म्हणजे टांगा. भद्रकालीच्या टांगा स्टँडवरून बसायचं. मला पुढे टांगेवाल्याशेजारी बसायला मिळावं म्हणून मी आईचा पदर ओढायची. घोड्याच्या घामाचा, ओल्या चामड्याचा आणि तोबऱ्यातल्या हरभऱ्याचा मिळून एक वास असायचा. तो अजूनही पागेत शिरताना पहिला नाकात शिरतो आणि मी क्षणभर सहा वर्षांची होते. त्या टांगेवाल्याचा खाकी शर्ट मला आठवतो. पाठीवर घामाचं पांढरं मीठ उमटलेलं, पण गळ्यापर्यंत बटणं लावलेली, बाह्या मनगटापर्यंत. मे महिन्यातसुद्धा. आई म्हणायची, उन्हात राबणारा माणूस अंग झाकतो. पुढे शाळेत असताना भोसला मिलिटरी स्कूलची मुलं घोड्यावर दिसायची. डॉ. मुंज्यांनी १९३७ साली काढलेली शाळा, घोडेस्वारी तिथल्या शिक्षणातच. आम्ही मैत्रिणी सायकली थांबवून बघायचो. घोडे मला आठवतातच, पण त्याहून जास्त आठवतात त्या मुलांच्या सरळ पाठी. शर्ट पाठीला धरून बसलेले, कुठे फुगा नाही, कुठे चुणी नाही. तेव्हा मला वाटायचं, शिस्त म्हणून असेल.

मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी घट्ट टीशर्ट. तो फडफडत नव्हता, पण गळ्याशी ऊन लागायचं, कोपरापासून खाली हात रापले, आणि तोच अंगात ठेवून बँकेत बसता येईना. मग वडिलांच्या पिढीचं टेरिकॉट आठवलं, सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर आणि तेहतीस टक्के सुताचं ते मिश्रण. त्याला सुरकुती पडत नाही, धुतलं की तासाभरात वाळतं. त्यातला एक शर्ट घेतला. दिसायला उत्तम. पण थंडीच्या कोरड्या हवेत त्यावर वीज भरायची आणि चांदणीचे केस असे चिकटायचे की झटकून जात नसत. फेब्रुवारीत घोडे थंडीची लव टाकू लागतात, तेव्हा तर मी तिच्यासारखी तांबूस तपकिरी, कुमेद रंगाचीच होऊन बँकेत पोचायचे. शिवाय वास. पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवतं, धुतलं तरी उन्हात परत येतो. लिनन घेतलं. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याइतकं सुख कशात नाही, वारा आरपार जातो. पण खोगिरावर बसताच पोटाशी अशा सुरकुत्या पडतात की उतरल्यावर वाटावं आपण त्यात झोपलो होतो.

शेवटी साधं सुती पॉपलीन. सूत घाम पितं आणि लवकर सोडत नाही, हा त्याचा दोष मान्य. डिसेंबरात रपेट संपल्यावर ओल्या पाठीनं स्कूटरवर बसलं की नाशिकचा गारठा हाडात शिरतो. त्यावर उपाय म्हणून आत बनियन घालते आणि उतरल्यावर तेवढी बदलते. पण सुताला केस चिकटले तर ओल्या हातानं निघतात, वास धुण्यानं जातो आणि दहा-बारा धुण्यांनंतर ते अंगाला असं बसतं की काचायचं नाव घेत नाही. मे महिन्यात आणि पावसाळ्यात मात्र मी आता कॉलर असलेला, चटकन वाळणारा विणीचा शर्ट घालते. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

कापड ठरलं तरी माप राहिलंच. तयार शर्ट उभ्या माणसासाठी शिवलेले असतात. घोड्यावर आपण बसलेलो असतो, मांड्या फाकलेल्या, हात पुढे, खांदे सैल. हात पुढे गेले की पाठ ताणते, पाठ ताणली की शर्ट वर चढतो आणि वर चढला की खोचलेला भाग सुटतो. बाही ओढली जाते, कफ मनगट सोडून वर येतो. बायकांच्या शर्टात अजून एक गंमत नसलेली गोष्ट: छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते, आणि दुडकीच्या लयीत उठबस करताना सतत तिथे हात जातो. लगामावरून हात काढून.

कापड पेठेतून पॉपलीन घेतलं आणि जुन्या नाशकातल्या एका मास्तरांकडे गेले. दुकानदारानं विचारलंच होतं, पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, केवढा हवा. छत्तीस इंचाचा असेल तर सव्वादोन मीटर लागेल, अठ्ठावन्नचा असेल तर एक साठमध्ये होईल. मी अठ्ठावन्नचं दोन मीटर घेतलं, का ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मास्तरांना सांगितलं, घोड्यावर बसताना घालायचा आहे. त्यांनी टेप गळ्यातून काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग उभ्यानं माप काय घ्यायचं? बसा." दुकानातलं लाकडी स्टूल आडवं ओढून त्यांनी मला दोन्हीकडे पाय सोडून बसवलं. दोरीचा एक तुकडा हातात दिला, "धरा लगाम." आणि मग पाठ मोजली. उभ्यानं जी होती त्यापेक्षा हात पुढे केल्यावर दीड इंच जास्त. ते तो आकडा दोनदा बोलले, वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

पुढचा अर्धा तास आम्ही दोघंही त्या शर्टात पार बुडालो. मध्ये एक पेटीसारखी प्लेट घालण्याऐवजी दोन खांद्यांखाली दोन चुण्या, म्हणजे हात पुढे गेला की चुणी उघडेल आणि परत आला की मिटेल. मुंढा, म्हणजे बाही जोडायची बगलेची कापणी, खोल कापायचा नाही, उलट वर घ्यायचा, हे मला उलटंच वाटलं. मास्तरांनी आपल्याच शर्टाची बगल चिमटीत धरून दाखवलं: मुंढा खाली असेल तर हात उचलताना सगळा शर्ट उचलला जातो, वर असेल तर फक्त बाही. बगलेत एक चौकोनी तुकडा. बाही इंचभर जास्त. उंची दोन इंच जास्त आणि दोन्ही बाजूंना चीर, म्हणजे बसल्यावर कडा गोळा होणार नाही. छातीच्या फटीसाठी पट्टीच्या आतून एक टिचबटण. खिसा नको, कारण खाली वाकलं की पेन पडतं, आणि घोड्याच्या पायाशी पडलेलं पेन उचलायला मी हमखास वाकणार. शिवणी दाबून, डबल टीप, आत कुठे टोचणारं टोक नको. आणि शेवटी ते म्हणाले, "बाजूच्या शिवणीत माया जरा जास्त ठेवतो. घोडा चालवून अंग बदलतं."

शिवणीतल्या जादा कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात. हा शब्द मी आईच्या मशीनशेजारी बसून हजारदा ऐकला होता.

चिरेवरून मला आपले जुने कपडे आठवले. अंगरख्याच्या बाह्या हाताहून लांब असत आणि मनगटाशी चुण्या होऊन बसत. चित्रांत पाहताना मला ती हौस वाटायची. आता वाटतं, लगामाला हात पुढे गेला की त्या चुण्या उलगडत असतील आणि मनगट झाकलेलंच राहत असेल. बाराबंदीला तर बटणच नाही, सगळे बंद. घेर आपल्या अंगाप्रमाणे बांधायचा, आज जरा सैल, उद्या जरा घट्ट, आणि समोर कापडाचे दोन पदर एकमेकांवर, म्हणजे फट पडायचा प्रश्नच नाही. तिकडे इंग्लंडात पोलो खेळणारे लोक शर्टाची कॉलर तोंडावर उडू नये म्हणून तिची टोकं बटणांनी खाली अडकवत. १८९६च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रूक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीतल्या जॉन ब्रूक्सनी ते पाहिलं आणि तशी कॉलर विकायला आणली, असं सांगतात. आज आपल्याकडे ऑफिसातला प्रत्येक तिसरा माणूस ती कॉलर घालून फिरतो. शिकारीच्या घोडेस्वारीत गळ्याला गुंडाळायच्या पांढऱ्या पट्टीचंही तसंच. ती दिसायला शोभेची, पण वेळ आली तर जखमेवर बांधता येते, हात झोळीत अडकवता येतो. मी मास्तरांना कॉलरला ती दोन बटणं लावायला सांगितली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधला की मोकळी कॉलर त्याखाली दुमडून गळ्याला घासते. एकदा तिथे लाल रेघ उठली होती, बँकेत दोघींनी काळजीनं विचारलं होतं.

शर्ट आला. फिकट निळ्या बारीक चौकटीचा. पांढऱ्यावर सगळं दिसतं, काळा ऊन ओढतो, चौकटीत हिरवा डाग सामावून जातो. हा हिरवा डाग काय ते घोड्याजवळ जाणाऱ्यालाच माहीत. घास खाऊन झालेलं तोंड ती तुमच्या खांद्याला पुसते, हिरव्या फेसासकट, डोकं वरखाली घासत, अगदी आपलं माणूस समजून. त्या वेळी बाजूला व्हायचं माझ्याच्यानं होत नाही.

पहिल्या दिवशी खोचून, कफ लावून बसले. वारं होतंच. एक फेरी, दोन फेऱ्या, दुडकी, मग तिच्याहून वेगाची चाल, कँटर. पाठीवरच्या दोन चुण्या उघडताहेत आणि मिटताहेत हे मला पहिली पाच मिनिटं जाणवत होतं, मग जाणवेनासं झालं. चांदणीचे कान पुढे होते. मध्येच एक कान माझ्याकडे वळायचा, मी टाच लावली की, आणि परत पुढे. मी जेवढं सांगत होते तेवढंच तिला ऐकू जात होतं. उतरले तेव्हा मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी तंग सैल केला, खोगीर काढलं आणि पाणी आणायला गेले. दिवसभर मी त्या न बोलण्यात खूश होते.

मग मे आला. एका सकाळी मामा बनियनवर चांदणीला आंघोळ घालत होते आणि त्यांचा राखाडी शर्ट खुंटीवर होता, माझ्या डोळ्यांसमोर. कॉलरीच्या कडेला, आताच्या टिपेच्या शेजारी, जुन्या टिपेची भोकं दिसत होती. बारीक, एका ओळीत. कॉलर उलटवलेली होती. माझी आई हे करायची. बाबांच्या शर्टाची कॉलर मानेशी विरली की पात्यानं टीप उसवायची, कॉलर सोडवायची, विरलेली बाजू खाली घालून परत शिवायची, आणि शर्ट अजून दोन वर्षं चालायचा. मी शेवटची अशी कॉलर कधी पाहिली ते आठवत नाही. माझ्या घरात विरलेला शर्ट थेट त्या गठ्ठ्यात जातो. त्याच गठ्ठ्यातून मी चांदणीकडे येत होते, आणि मामा उलटवलेल्या कॉलरीचा शर्ट इस्त्री करून.

"मामा, दुसरीही बाजू विरत आली," मी म्हटलं.

"दोनदा उलटत नाय ती, ताई. एकदाच."

त्यांना नवा शर्ट द्यावा असं वाटलं आणि लगेच संकोच वाटला. ज्या माणसाकडून मी शर्ट घालायला शिकले त्याला शर्ट द्यायचा तो कुठल्या तोंडानं? आठ-दहा दिवस मी तो विचार घेऊन फिरले. मग घरी उरलेलं ते पॉपलीन आठवलं, दोन मीटरातून राहिलेला तुकडा. चौकट बारीक, रंग राखाडीच्या जवळ जाणारा. मामांना म्हटलं, कापड शिल्लक आहे, पडून वाया जाईल, तुमच्या शर्टाला नवी कॉलर बसवून आणते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शर्ट आणून दिला. धुतलेला, इस्त्री केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा.

मास्तरांनी कागद सोडला, शर्ट मशीनवर पसरला आणि नव्या कॉलरचं माप घ्यायच्या आधी जुन्या कॉलरीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "ही कुणी उलटवली?" त्यांनी विचारलं. "टीप बघा किती सरळ. हात चांगला आहे."

मी ते तसंच्या तसं पागेत येऊन सांगितलं. मामा चांदणीचा पुढचा पाय गुडघ्यावर घेऊन खुरातली माती काढत होते.

"घरच्यांचा," ते म्हणाले, आणि दुसरा पाय उचलला.